गेनियाबाईंच्या कुंपणावरचं यंत्र

गावाबाहेर कचरा जाळून वीज आणि घरं गरम ठेवायला घरोघरी नळांतून गरम पाणी देणारा कारखाना येणार, हे कळलं त्याच दिवशी गेनियाबाईंनी विरोधाची समिती काढली. अध्यक्ष त्याच. पत्रकं वाटायला मी, कारण मी शेजारी राहतो आणि मला नाही म्हणता येत नाही.

बाईंचं कारण एकच, नवरा ब्रोनेक. हा म्हातारा सुतार गेली अकरा वर्षं दर हिवाळाभर खोकायचा. "माझ्या माणसाच्या छातीत तो धूर जाऊ देणार नाही," असं बाई चर्चच्या पायरीवर उभ्या राहून सांगायच्या, आणि तेव्हा त्यांचा आवाज खरोखर कापायचा.

बाई मोठ्या काटकसरी. कोळसा महाग, म्हणून घर गरम ठेवायच्या भट्टीत जुन्या कपाटाच्या रंगवलेल्या फळ्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या, फाटके बूट, सगळं जायचं. आमच्या गल्लीत सगळेच घालतात, मीही घालतो. घरच्या आगीला कचरा जाळणं कोण म्हणतं?

सप्टेंबरात बाईंनी नगरपालिकेशी भांडून हवेतला धूर मोजायचं यंत्र मिळवलं आणि आपल्याच कुंपणावर बसवून घेतलं. कारखान्याविरुद्ध पुरावा हाताशी हवा ना.

जानेवारीत सभा झाली. क्राकोव शहरातून आलेल्या कारखान्याच्या इंजिनिअरबाईंनी त्या यंत्राचे आकडे पडद्यावर दाखवले. रोज संध्याकाळी पाचला धुराची रेघ सरळ वर चढत होती.

गेनियाबाई उठल्या. "बघा, हवेची ही दशा, आणि वर तुमचा कारखाना."

"कारखान्याची अजून वीटही रचलेली नाही, बाई. पाचला तुमच्या गल्लीत काय होतं?"

ब्रोनेकच उठून म्हणाला, "पाचला आमची गेनिया भट्टी पेटवते."

लोक पोट धरून हसले. फक्त बाई हसल्या नाहीत.

पुढचे दोन आठवडे त्यांनी भट्टीत फक्त बर्च झाडाची सुकी लाकडं घातली. एका संध्याकाळी मी गेलो, तर ब्रोनेक बार्लीचं सूप पीत होता आणि बाई त्याच्याकडे कान लावून बसल्या होत्या.

"काय ऐकताय, शेजारीणबाई?"

"खोकला. येत नाहीये."

"मग बरंच की, गेनिया," ब्रोनेक म्हणाला.

"बरं कसलं? अकरा हिवाळे मीच तुला धूर पाजला." मला फार वाईट वाटलं, पण त्यांनी डोळे पुसून लगेच मोर्चा माझ्याकडे वळवला.

"त्या इंजिनिअरबाईंना विचारा, गरम पाणी आपल्या गल्लीत कधी येणार. आणि म्हणावं, घाई करा. माझी लाकडं मार्चपर्यंतच पुरतील."