दीदी उठून बाल्कनीत गेल्या नाहीत

जिने तुम्हाला नियम शिकवला तिनेच तो तुमच्यासमोर बसून मोडला, तर तुम्ही काय कराल? चालते व्हाल, की तिथेच बसून भांडाल?

मी पत्रकं वाचत मोठी झाले. वडील रेल्वेत होते. विदर्भातून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. घरात गोष्टींची पुस्तकं फारशी नव्हती, पण युनियनच्या पत्रकांचा गठ्ठा कायम असे. जेवणं झाली की मी ती घडी घालून द्यायची आणि बोटांना शाई लागायची. पुढे मी समुपदेशक झाले, पंडरीच्या कापडबाजारात एका दुकानावरची खोली घेतली. लोक आपली दुःखं घेऊन जिना चढून येऊ लागले, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की आपली संघटना कुठे आहे?

ती नव्हती. पण राज्य नुकतंच वेगळं झालेलं, नवीन होतं. कचेऱ्यांवर नवे फलक लागत होते आणि डॉक्टरांपासून ट्रकवाल्यांपर्यंत ज्याची त्याची प्रदेश संघटना निघत होती. आमचीही निघाली. तिचं पहिलं आवाहन मी लिहिलं आणि स्कूटीवरून शाळा-दवाखान्यांत स्वतः वाटलं. अध्यक्ष झाल्या त्या मला समुपदेशन शिकवणाऱ्या बाई. मूळच्या नागपूरच्या, वयाने मोठ्या. सगळे त्यांना दीदी म्हणत. रविवारी सकाळी चौबे कॉलोनीतल्या त्यांच्या हॉलमध्ये आमची बैठक भरायची. प्रत्येकाने आपल्याला अडलेली केस मांडायची, बाकीच्यांनी ऐकायचं, मग शेव घातलेले पोहे.

त्या हॉलने मला काय दिलं, ते आधी सांगते. बायको गेल्यापासून बोलणंच बंद केलेला एक गृहस्थ माझ्याकडे येत असे. तो तासभर गप्प बसून जायचा आणि मी त्याची ती शांतता घरी घेऊन यायची. मला जेवण जाईना. मी ते बैठकीत सांगितलं, तेव्हा एका शाळेतल्या समुपदेशक ताई म्हणाल्या, "काहून गं, तू त्याले बरं करून राहिली का स्वतःले?" सगळे हसले. मीही हसले आणि हसता हसता रडले. खोलीत एकटी बसून मला हे कधीच दिसलं नसतं. समोरच्याचं दुःख आणि आपली धडपड यांतला फरक दाखवायला दुसरं माणूस लागतं, आणि ते त्याच कामातलं लागतं.

आणि तिथला नियम. तो दीदींचाच. रायपुरातली मराठी घरं एकमेकांत इतकी गुंतलेली, की केवळ नाव लपवून भागत नाही. म्हणून केस मांडणाऱ्याने आधी घराची खरी ओळख मोघम सांगायची: मराठी घर, वडील रेल्वेत, अमुक पाऱ्यातलं, म्हणजे मोहल्ल्यातलं. ज्याला ओळखीचं वाटेल त्याने उठून बाल्कनीत जायचं आणि दार लोटून घ्यायचं. का उठलास, हे कोणी विचारायचं नाही. त्यानंतर उरलेला तपशील बदलून केस सांगायची. मला या नियमाचा अभिमान होता. पाहुण्यांनाही मी तो सांगत असे.

त्या हिवाळ्यात एक मुलगी माझ्याकडे येत होती. मी मराठीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. कॉलेजात असताना दुर्गच्या हॉस्टेलमध्ये तिला भीतीचे झटके येऊ लागले, तिने खाणं सोडलं, शेवटी घरी परत आणावं लागलं. आता ती बरी होती, नोकरी करत होती आणि तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलाला हे सांगायचं की नाही, सांगायचं तर कधी, एवढाच तिचा प्रश्न होता. "बताऊँगी मैं ही," ती म्हणायची, "पर अपने मुँह से." बैठकीत विचारू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "हव, बस नाम मत लेना."

रविवारी मी घराची ओळख सांगितली. कोणीही उठलं नाही. दीदी म्हणाल्या, "सांग बेटा." मी दुर्गचं बिलासपूर केलं, हॉस्टेलची आत्याकडची खोली केली आणि केस मांडली. दीदींनी फार चांगले प्रश्न विचारले. मी ते लिहूनही घेतले.

पंधरवड्याने मुलगी आली ती पर्स छातीशी धरून. स्थळ मोडलं होतं. मुलाच्या आईने फोनवर सांगितलं होतं, की मुलीला वेडाचे झटके आलेले आमच्यापासून लपवलंत.

"और पता है क्या बोलीं? बिलासपुर में बुआ के घर रहती थी, वहीं पागल हुई." ती हसायला लागली, पण तिचे डोळे हसत नव्हते. "मैं तो बिलासपुर में कभी रही ही नहीं. मेरी तो कोई बुआ ही नहीं है."

ते बिलासपूर माझं होतं. ती आत्या मी त्या हॉलमध्ये बसून जन्माला घातली होती. तिला तिथल्या माणसांशिवाय कोणीच ओळखत नव्हतं.

"कोणी सांगितलं त्यांना?"

"लड़के की मामी ने. वो भी आपके जैसी ही कुछ हैं. चौबे कॉलोनी में."

मी तशीच दीदींकडे गेले. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. त्यांनी नाकारलं नाही. नाकारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"माझा भाचा आहे तो," त्या म्हणाल्या. "माझ्या मांडीवर वाढलेला. डोळ्यांदेखत कसं होऊ देऊ?"

"मग उठायचं होतं ना, दीदी! बाल्कनी तुमचीच, नियम तुमचाच."

"अध्यक्षच उठून गेली तर बैठक कोण चालवेल?" त्यांनी माझ्यापुढे मेथीची जुडी सरकवली. "बस. इतकी तापू नको. बीपी वाढेल."

मी बसले नाही. ज्या बाईने मला ऐकायला शिकवलं, ती ऐकत होती ते अध्यक्षासारखं नव्हे, शिक्षिकेसारखंही नव्हे. मुलाकडच्या माणसासारखं ऐकत होती. आणि मी तिचे प्रश्न वहीत उतरवत होते.

पुढच्या रविवारी मी दोनच गोष्टी मागितल्या. दीदींनी पद सोडावं, आणि ही गोष्ट आमच्याच खोलीतून गेली हे संघटनेने त्या मुलीला सांगावं. सगळे पोह्यांच्या बश्यांकडे बघत होते. सरकारी दवाखान्यातले एक डॉक्टर गमतीने म्हणाले, "चला, आता या पोट्टीचं पत्रक निघते." दोघेतिघे हसले. ज्या ताईंनी मला कधी हसवून वाचवलं होतं, त्याच हलकेच म्हणाल्या, "काहून वाढवून राहिली गं? आत्ता कुठे उभी राहिली संघटना. फुटेल ना."

ठराव झाला: सदस्यांनी गोपनीयतेबाबत अधिक दक्षता बाळगावी. दीदींनी स्वतःच तो वाचून दाखवला. टाळ्या वाजल्या. माझे हात मांडीवर होते.

घरी येऊन मी वडिलांना म्हटलं, राजीनामा देते. ते चष्मा पुसत बसले होते.

"दे की. मंग कोणाले जाब विचारशील? भिंतीले?" चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "मलेही माह्याच युनियननं एकदा तोंडघशी पाडलं होतं. मी म्हणलं, आता तर मी इथून हलतच नाही."

मी राजीनामा दिला नाही. मुलीला मात्र स्वतः बोलावलं आणि सगळं सांगितलं: आमची बैठक, आमचा नियम, न उठलेल्या दीदी, टाळ्या. शेवटी तिने विचारलं, "आप अब भी जाती हैं वहाँ?"

"हो."

"शिकायत करूँ तो कहाँ करूँ?"

मी संघटनेचं कार्ड काढून तिच्यासमोर ठेवलं आणि ठेवतानाच मला ते दिसलं. त्याच्यावर पत्ता होता चौबे कॉलोनीचा, त्याच घराचा. तिने तो वाचला, कार्ड उलटं करून मागची कोरी बाजू पाहिली आणि टेबलावर परत ठेवलं. ती पुन्हा आली नाही. तिने दुसरं कोणी शोधलं की आता ती कोणाशीच बोलत नाही, मला माहीत नाही.

संघटनेवाचून हे काम करू नये, असं मी अजूनही म्हणते. एकट्या समुपदेशकाने तेच केलं असतं तर त्या नुसत्या गावगप्पा ठरल्या असत्या. आमच्याकडे नियम होता, म्हणून त्याला नियमभंग म्हणता आलं, तोंडावर म्हणता आलं. पण नियम ज्याच्या घरात राहतो त्याच्याच खिशात त्याची किल्ली असेल, तर त्या नियमाला माझ्या लेखी किंमत नाही. तक्रार ऐकणारं माणूस आमच्या धंद्याबाहेरचं असावं, एवढी एकच मागणी मी आता दर रविवारी मांडते. दर रविवारी ती पुढच्या बैठकीवर जाते. आतून कोणी ती मान्य करेल ही आशा मी सोडली आहे. ती मागणी बाहेरूनच यावी लागेल, तुमच्याकडून.

म्हणून तुमच्याकडे मागते. तुम्ही किंवा तुमच्या घरचं कोणी समुपदेशकाकडे जाणार असेल, तर आपलं दुःख सांगण्याआधी त्यांना विचारा: तुम्ही कोणत्या संघटनेचे सभासद आहात, आणि तुमचं चुकलं तर तिथे माझं म्हणणं कोण ऐकेल? कोणत्याच संघटनेचे नाही, असं उत्तर आलं तर उठा. ऐकणारा त्यांच्याच मित्रमंडळीतला निघाला, तर तेही बोलून दाखवा. लाजू नका. माझ्याकडे आलात, तर मलाही विचारा.