वहिनीचं कोरडं मशीन

माझ्या वहिनीने न धुता कधी काही टाकलं नाही. सव्वीस वर्षं ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. रक्ताच्या चादरी, औषधाने पिवळे पडलेले अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिच्या हाताखालून गेलं. मोठाली मशिनं होती, पण डाग आधी हातानेच काढावे लागत. रक्ताला थंडच पाणी, हे ती नव्या बायकांना ओरडून शिकवायची. "गरम घातलंस की रक्त कापडाशी लग्न लावून बसतं, मग काढ घटस्फोट!" चादर फाटली की तिचे अभ्रे, अभ्रे विरले की फडकी, आणि फडकंसुद्धा धुऊन, काठाला काठ जुळवून ठेवायचं. दादा तिला 'परीटघडी' म्हणायचा.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, फरशी कापायचा. लोकांच्या घरी जाऊन ओट्याचे दगड, न्हाणीच्या फरशा जागेवरच गोल पात्याने कापून बसवायच्या. कापताना पात्यावर पाण्याची धार ठेवली तर धूळ उडत नाही. पण मग चिखल होतो, तो भिंतीवर उडतो, आणि घरमालकाचं डोकं फिरतं. त्यामुळे बहुतेक वेळा कोरडंच कापायचं. तोंडाला रुमाल बांधला की झालं. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया, पापण्या, कानावरचे केस सगळं पांढरं. माझी मुलं त्याला 'पिठातला मामा' म्हणायची, आणि तो मुद्दाम डोकं झटकून त्यांच्या अंगावर धूळ उडवायचा. तेव्हा आम्ही हसत होतो.

बावन्नाव्या वर्षी त्याला एक जिना चढताना तीनदा थांबावं लागायला लागलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरून दाखवला. म्हणाले, "दगड आत जाऊन बसलाय, तो काढता येत नाही. आता नवी धूळ जाऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात आहे. नीट जपलंत तर दीड-दोन वर्षं बरी जातील. घरात झाडू बंद. आणि ओलही नको, ओलीने कफ वाढेल."

धूळ नको आणि ओलही नको. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीखालून दिवसभर वाळूचे ट्रक जातात. खिडकी लावून घेतली की पुसलेली फरशी दुपारपर्यंत वाळत नाही. पुसून फरशीचं भागेल, पण गादीचं काय, पडद्यांचं काय, पलंगाखालच्या सतरंजीचं काय? म्हणून धूळ ओढणारं मशीन घ्यायचं ठरलं, आणि आम्ही तिघं दुकानात गेलो.

दुकानदाराने दोन मशिनं पुढे ठेवली. एक ओलं-कोरडं. त्याच्या पोटात पाणी घालायचं, ओढलेली धूळ त्या पाण्यात बुडते, शिवाय जमिनीवर काही सांडलं तर तेही ओढून घेतं. दुसरं नुसतं कोरडं. त्यात जाडसर कागदी कापडाची पिशवी बसवायची, धूळ पिशवीत अडते.

दादा ओल्यापाशीच उभा राहिला. टाकीचं झाकण उघडून आत बघत म्हणाला, "हे घेऊ. धूळ मरते ती पाण्यानेच. मला विचारा."

"आणि मग ते गढूळ पाणी रोज कोण ओतणार?" वहिनी म्हणाली. "टाकी कोण सुकवणार? ओली वस्तू बंद करून ठेवली की कुजते, अहो. सव्वीस वर्षं तेच पाहिलंय मी. एक ओला टॉवेल गठ्ठ्यात राहिला तर सोमवारी अख्खा गठ्ठा काळा. डॉक्टर ओल नको म्हणाले ना?"

"सुकवू की."

"तुम्ही सुकवणार? स्वतःचा बनियन दोरीवर टाकलाय कधी?"

दुकानदार हसला. दादाने माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून त्याची ही सवय, हरायला लागला की माझ्याकडे बघायचं. मी म्हटलं, "दादा, वहिनीचं बरोबर आहे. ओल वाईट."

"झालं! दोन बायका एका बाजूला म्हटल्यावर निकाल लागला," तो म्हणाला, आणि त्याने झाकण बंद केलं.

कोरडं मशीन घेतलं. खोक्यात चार पिशव्या होत्या. दुकानदाराने सांगितलं, पिशवी भरली की टाकायची आणि नवी लावायची. मागच्या बाजूचा स्पंज मात्र महिन्यातून एकदा धुवायचा.

पहिली पिशवी भरली तेव्हा वहिनीने ती हातात घेऊन उलटसुलट केली. कापड शाबूत होतं. कुठे उसवलं नव्हतं, विरलं नव्हतं. स्पंज धुवायचा तर पिशवीने काय पाप केलंय, असं म्हणून तिने खाली उकिरड्यावर जाऊन पिशवी रिकामी केली, कोमट पाण्यात साबण फेसून त्यात ती बुडवली, पिळली नाही, नुसती दाबली, आणि उन्हात दोन दिवस खडखडीत वाळवली. मला मोठ्या कौतुकाने दाखवली. "बघा वन्सं, ओळखू येते का?" खरंच येत नव्हती. चार पिशव्या तिने आळीपाळीने वापरल्या. भरली की धुतली, वाळली की लावली. ओली मात्र कधीच लावली नाही.

मशिनची वायर आखूड, आणि भिंतीवरचं बटण पलंगाच्या उशापाशी. त्यामुळे ते कायम दादाच्या डोक्याशी असायचं आणि वहिनी नळी घेऊन घरभर फिरायची. सुरुवातीला दादाने खूप थट्टा केली. "घरात माझ्याहून जास्त धापा टाकणारं कुणीतरी आलं, बरं वाटलं." वहिनीही खूश होती. घर आरशासारखं दिसायला लागलं. सतरंजीवर हात फिरवून ती मला तळवा दाखवायची.

चार महिन्यांनी दादाचा खोकला वाढला. खोकला वाढला म्हणून वहिनी दिवसातून दोनदा मशीन लावायला लागली. तेव्हापासून मशीन सुरू झालं की दादा स्टूल उचलून बाहेर जिन्यात जाऊन बसायचा.

"आयुष्यभर करवत चालवली, आणि आता या माणसाला एवढा आवाज सोसत नाही!" ती मला ऐकवायची, म्हणजे त्याला.

"करवतीचं बटण माझ्या हातात असायचं," तो जिन्यातून म्हणायचा.

एकदा मी आले तेव्हा तो तसाच जिन्यात बसला होता. आत मशीन चालू होतं. मी एक पायरी खाली टेकले. तो ओठांवरून जीभ फिरवत होता. म्हणाला, "घरात कापाकापी चालू असल्यासारखं वाटतं गं. तीच चव येते तोंडाला."

मी म्हटलं, "तुझ्या डोक्यातनं अजून काम जात नाही."

"असेल," तो म्हणाला. "तिला सांगू नकोस हं. सांगितलंस तर तिसऱ्यांदा मशीन लावेल."

मी हसले आणि तिला काहीच सांगितलं नाही.

आठव्या महिन्यात त्याला जिन्यापर्यंत चालणं होईना. मग मशीन सुरू झालं की तो चादर डोक्यावरून ओढून घ्यायचा. वहिनीला ते अजिबात आवडायचं नाही. "मेल्यासारखं तोंडावरून काय घेता? अशुभ दिसतं!" असं म्हणून ती चादर खाली खेचायची. तो पुन्हा वर घ्यायचा. एवढ्या तेवढ्यावरून दोघं भांडायची, आणि मला वाटायचं, चला, भांडतायत म्हणजे अजून जीव आहे.

अकराव्या महिन्यात दादा गेला. दुपारचा, बसल्या बसल्या. पुढे ठेवलेल्या उशीवर हात टेकून श्वास घेत होता, तो एक घेतला आणि पुढचा आला नाही. वहिनी तेव्हा गॅलरीत पिशवी वाळत घालत होती.

दोन महिने मशीन कोपऱ्यात पडून होतं. मग एक दिवस वहिनी म्हणाली, "खालच्या शिंप्याची नात रात्रंदिवस सूं सूं करते. तिला देऊन टाकते. मला काय करायचंय आता? झाडू पुरे. वन्सं, तेवढं दुरुस्तीवाल्याकडून तपासून आणा. कुणाला द्यायचं तर धड द्यावं."

मी रिक्षात घालून ते घेऊन गेले. दुरुस्तीवाला म्हातारा होता. टपरीएवढं दुकान, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने चार स्क्रू काढले, मागचं झाकण उघडलं आणि थांबला. आत मोटर दिसतच नव्हती. सगळीकडे पीठ. मऊ, पांढरट, बोटाला लागलं तरी कळू नये असं.

"हे इथपर्यंत आलं कसं?" तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने पिशवी काढून दिव्यापुढे धरली. "बाई, ही धुतलीय का?"

"हो."

"कितीदा?"

"भरली की दर वेळी."

"छान धुतलीय. इतकी स्वच्छ पिशवी मी जन्मात पाहिली नाही. पण ही धुवायची नसते हो. पाणी लागलं की हिचं कापड सैल पडतं. केस, कचरा, मोठी घाण अडते. बारीक धूळ जाते आरपार, आणि मागच्या या फटीतून मशीन ती घरभर फुंकतं. पुढून गिळायचं आणि मागून ओकायचं. यापेक्षा झाडू परवडला, झाडूने उडालेली धूळ दिसते तरी." मग त्याने विचारलं, "घरात कुणाला दमा-बिमा नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. तेव्हा ते खरंच होतं.

त्याने मोटर साफ केली. मी नव्या पिशव्या घेतल्या. रिक्षात मशीन मांडीवर धरून मी एकच ठरवत होते. बोलायचं नाही. नवी पिशवी आत लावायची, जुन्या सगळ्या पिशव्या आठवणीने नाहीशा करायच्या, मशीन शिंप्याकडे पोचवायचं. माणूस परत येणार नाही, मग उरलेल्या माणसाला कशाला मारायचं? देवा, एवढं मला पोटात ठेवू दे, असं मी म्हटलंसुद्धा.

दार उघडंच होतं. आत मोरीपाशी शिंप्याची सून उकिडवी बसली होती, आणि वहिनी उरलेल्या तीन पिशव्यांतली एक परातीत बुडवून तिला दाखवत होती. "पिळायची नाही हं, दाबायची. अशी. आणि दोन दिवस कडक ऊन. चार पिशव्या तुला जन्मभर पुरतील. पोरीच्या उशाशी मशीन ठेव आणि..."

"वहिनी," मी म्हटलं, "थांब."

शिंप्याच्या सुनेला मी संध्याकाळी ये म्हणून खाली पाठवलं, आणि वहिनीला सगळं सांगितलं. दुरुस्तीवाला जे बोलला ते तसंच्या तसं. मऊ करून सांगायला मला जमलं नाही.

ती रडली नाही. ओले हात लुगड्याला पुसून म्हणाली, "फुंकतं कुठून, ते दाखवा."

मी मागची फट दाखवली. तिने मशीन उचललं, पलंगाच्या उशाशी रोजच्या जागेवर ठेवलं, बटण दाबलं. मग पलंगावर चढून दादा आडवा व्हायचा तिथे आडवी झाली. मशिनचा वारा तिच्या कपाळावरचे केस हलवत होता. ती बराच वेळ तशीच पडून राहिली. मीच जाऊन बटण बंद केलं.

"म्हणून चादर ओढायचे," ती म्हणाली. "आणि मी खेचायचे."

"त्याला माहीत नव्हतं, वहिनी. माहीत असतं तर बोलला नसता का?"

"डॉक्टर किती म्हणाले होते, वन्सं? दीड-दोन वर्षं ना? आणि गेले ते अकराव्या महिन्यात."

मी म्हटलं, ते कुणाच्या हातात नसतं, दगड आधीच आत होता, डॉक्टरांचा अंदाज म्हणजे अंदाज. ती छताकडे बघत होती. ऐकत नव्हती.

संध्याकाळी शिंप्याची सून वर आली नाही, तर वहिनीच खाली गेली. मशीन स्वतः उचलून नेलं, मला हात लावू दिला नाही. मी मागोमाग गेले. शिंपी, त्याची बायको, सून, कपडे शिवून घ्यायला आलेल्या दोन बायका, सगळ्यांसमोर तिने नव्या पिशव्या काढून टेबलावर ठेवल्या. "सकाळी मी शिकवलं ते विसर. पिशवी एकदाच वापरायची. भरली की टाकायची. मी धुऊन वापरली, ती धूळ माझ्या माणसाच्या छातीत गेली." शिंप्याने पाय शिलाई मशिनवरून खाली घेतला. ती पोर तेवढी खोकत होती.

तेव्हापासून ती ज्याच्या घरी मशीन दिसेल त्याला हे सांगते. बोलावलेलं असो नसो. दुकानात कुणी मशीन बघत उभं असेल तरी जाऊन सांगते, आणि तेही त्याच चढ्या आवाजात, ज्या आवाजात नव्या बायकांना रक्ताला थंड पाणी शिकवायची. लोक मान हलवतात आणि ती पुढे गेली की एकमेकांकडे बघतात. मला दोघा-तिघांनी विचारलं, तुमच्या वहिनीचं डोकं ठीक आहे ना? मी सांगते, ठीक आहे.

दादाची ती शेवटची चादर तिने अजून धुतलेली नाही. घडीही घातलेली नाही. पलंगावर गोळा होऊन पडलेली आहे, मी हात लावला तर ओरडते.

जिन्यात दादा काय म्हणाला होता, ते मात्र मी तिला सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी हसले नसते, आत जाऊन एवढंच म्हटलं असतं की वहिनी, दादाला दगडाची चव येते, तर तिने नक्की मशीन उघडून बघितलं असतं. ती तशीच आहे. ते मी रोज दिवा लावताना देवाला सांगते. देवाने अजून काही म्हटलेलं नाही.