विहिरीतली हळद

मामाच्या विहिरीचं पाणी पहिल्यांदा पिवळसर झालं, त्याच्या थोडंच आधी मामींनी काठावरच्या आसरांची ओटी भरली होती. जलदेवतांनी आपली हळद पाण्यात कालवली, असं त्या म्हणाल्या, आणि घरादारानं ते पाणी प्रसाद म्हणून प्यायलं. पुढे कितीतरी वर्षं प्यायलं. विहीर सातपूरच्या कारखान्यांमागे, मामाच्या उरल्यासुरल्या रानात. बांधापलीकडचं मुलामा देणारं एक वर्कशॉप सांडपाणी खड्ड्यात सोडत होतं, हे आम्हाला कळलं ते त्याला टाळं लागल्यावर. हळद कसली, क्रोमियम होतं ते. त्या 'प्रसाद' शब्दानं अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मग मामींना पोटाचा कॅन्सर निघाला. पाण्यामुळेच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पाण्यामुळे नाही, असंही म्हणाले नाहीत. मामींना मुलाच्या फ्लॅटवर आणलं, पण त्यांचा एकच धोशा होता, मला माझ्या घरी, माझ्या विहिरीवर न्या. म्हणून मामानं उन्हाळाभर मोटर लावून विहीर उपसली. ते पाणी नाल्यात सोडलं, त्यावरून आमचं कडाक्याचं भांडणही झालं. शेवटी त्यानं मोबाइलवर पाण्याच्या ग्लासचा फोटो पाठवला आणि लगेच फोन केला.

"बघ, नुसती काच हे! दिवाळीला तुझ्या मामीला घरी नेतो."

"मामा, मोटर बंद कर आणि पाऊसकाळ थांब."

"तुला लय शंका बाई!"

शंका नव्हती. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते. त्या विहिरीच्या कडेचा दगड मीच आणला होता. मांजऱ्या म्हणतात तो, सच्छिद्र आणि मऊ. त्याची चकती कापून दोन बरण्यांच्या मधे घट्ट बसवली. एका बरणीतल्या पाण्यात मीठ आणि थोडं जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजनचं, मिसळलं; दुसरीत साधं पाणी. दोन्हीकडे पातळी सारखी, म्हणजे रेटा कुठलाच नाही. वर्गातली मुलं आठवड्याभरात कंटाळली. पण जिकडे जास्त तिकडून जिकडे कमी तिकडे, मीठ आणि जड पाणी दगडातून आपापल्या चालीनं सरकत राहिले. आधी जड पाणी पलीकडे पोचलं, मागून मीठ.

विहिरीतही तेच झालं होतं. पाणी वाहतं ते भेगांमधून, आणि उपसलं की भेगा धुतल्या जातात. पण इतकी वर्षं क्रोमियम भेगांतून दगडाच्या अंगात शिरत होतं. कुठंतरी पाणी मुरतंय, असं आपण संशयानं म्हणतो. इथं विषच मुरलं होतं. आता भेगा स्वच्छ, म्हणून ते उलट बाहेर यायला लागणार. काही तर अजून आतच सरकत असणार. शिरायला जितका वेळ लागला, त्यापेक्षा कितीतरी जास्त निघायला लागतो.

पावसाळा संपला आणि पाणी पुन्हा पिवळं दिसायला लागलं. मी फ्लॅटवर गेले. मामी कॉटवर पडून होत्या, मामा शेजारी खुर्चीत.

"अजून किती दिवस?" मामानं विचारलं.

"दिवस नाही, मामा. तुझ्या हयातीत नाही."

"अन् नातवाच्या?"

"सांगता येत नाही."

मामा उठून दारात जाऊन उभा राहिला. मला त्या क्षणी माझ्या विषयाचा राग आला. कॉटवरून मामींचा आवाज आला.

"दगडातून निघायला एवढा काळ लागतो, मंग माझ्यातून गं?"

"माणसातून लवकर निघतं, मामी. तुम्ही ते पाणी सोडून इतके महिने झाले, आता अंगात फारसं उरलंही नसेल."

हे खरं होतं. जाता जाता ते काय करून जातं, तेही मला माहीत होतं.

मामी हातावर जोर देऊन उठून बसल्या. "ऐकलं का हो? निघून गेलं म्हने सगळं! मी बरी होते आता." त्यांनी सुनेला हाक मारली आणि भाकरी मागितली. आजारपणात त्यांनी आपणहून काही खायला मागितल्याचं मला आठवत नव्हतं. सून धावतच स्वयंपाकघरात गेली.

मामानं दारातून माझ्याकडे पाहिलं. मी अर्धंच सांगितलं, हे त्याला कळलं होतं.

भाकरी आली. मामींनी मोठा घास तोडला, आणि मी म्हणाले, "सावकाश खा, मामी."