जाऊबाई खुनी होतात

पन्नाशी उलटल्यावर बायका काशीयात्रेचं बघतात, नाहीतर सुनेच्या आमटीत मीठ कमी पडलंय का ते बघतात. मी खून करायला लागले. आता चार पुस्तकं खपल्यावर लोक विचारतात, लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली? एका सभेत मी वडिलांचे संस्कार, वाचनाची आवड वगैरे सांगून टाकलं आणि टाळ्याही घेतल्या. खरं कारण निराळंच आहे. गिरगावातून निघणारं एक मासिक बंद पडलं आणि इकडे खाडीकाठच्या नवघरला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी माझं डोकं खाल्लं.

आम्हा दोघींचे नवरे गेलेले. मुलगे मिठागर आणि भातशेती बघायचे, सुनांनी चूल ताब्यात घेतलेली, त्यामुळे दुपार आमच्या मालकीची होती. मी वसईकडच्या एका मास्तरांची मुलगी, म्हणून मला वाचता येई. जाऊबाईंना अक्षराची ओळख नव्हती, पण ऐकण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. ओटीवर बसून मी मासिक वाचायची आणि त्या वाल सोलत ऐकायच्या. त्यात एक रहस्यकथा क्रमशः येत होती. दिवाणखान्यात प्रेत पडलं, घरातल्या सगळ्यांवर संशय आला, आणि नेमकं तेव्हाच मासिकानं मान टाकली.

जाऊबाई काही सोडेनात. खून केला कोणी? जेवताना तेच, विहिरीवर तेच. शेवटी मी एक जुनाच अंक उघडला, नवीन आलाय म्हणून सांगितलं आणि मनानंच शेवट रचून वाचून दाखवला. मृताच्या धाकट्या भावाला फासावर चढवलं. मला वाटलं, झकास जमलंय. जाऊबाईंनी उरलेले वाल सोलले, सालं गोळा केली आणि माझ्याकडे बघितलं.

“धाकटे, यवरी मोठी गोष्ट वाचलीस. पान कवा उलटलंस?”

मला कुठे तोंड लपवू असं झालं. पण त्या रागावल्या नव्हत्या. उलट म्हणाल्या, तुझी खोटी गोष्ट त्या छापलेल्या गोष्टीपेक्षा बरी होती. आता दुसरी कर, आणि ती कागदावर लिही, म्हणजे पान उलटता येईल.

मी लिहिली. गंमत म्हणून दुसऱ्या एका मासिकाकडे पाठवली, खाली नुसती आद्याक्षरं घातली. संपादकांचं उत्तर आलं ते ‘रा. रा.’ असं आदरानं सुरू होऊन. त्यांना पुरुष लेखक हवा होता तर तसं, मी कशाला त्यांचा हिरमोड करू?

त्यांनी क्रमशः छापायला घेतलेल्या त्या पहिल्या कादंबरीत मी एक म्हातारी मारली होती. मिठागरांची मालकीण, हेकट, संशयी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात सदा मळलेली तंबाखू. आपल्या मनात कोण होतं हे कोणाला कळणार, असं मला वाटलं. पहिला हप्ता ओटीवर वाचायला घेतला तेव्हा दोन्ही सुना माना खाली घालून ऐकत होत्या. जुडगा आला, तंबाखू आली, आणि त्या उठून आत पळाल्या. समुद्राकाठच्या डोंगरी गावाहून मासळीची पाटी घेऊन येणारी ख्रिस्ती बाई तेव्हा ओटीवरच टेकली होती. तिनं एकदा जाऊबाईंकडे बघितलं आणि घाईघाईनं क्रूसाची खूण केली. जाऊबाई मात्र तंबाखू मळत राहिल्या. पूर्ण कादंबरी होईपर्यंत त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि त्या गप्प राहिल्या की मला जेवण जात नसे.

त्याच वर्षी त्यांचे पाय सुजायला लागले. ओटीची पायरी चढली तरी धाप लागे. डॉक्टर येऊन गेला. अंगणात मला बाजूला घेऊन म्हणाला, हृदय थकलंय, फार दिवस धरू नका. आम्ही त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनी आमच्या तोंडांवरून ओळखलं. असल्या कामात त्या माझ्या कादंबरीतल्या डिटेक्टिव्हच्या कितीतरी पुढे होत्या. संध्याकाळी मला जवळ बसवून त्यांनी मनातली तक्रार काढली.

“पुढच्या गोष्टीत मना मारू नको. मना खुनी कर. मेलेला पयल्या पानावं संपतो. खुनी शेवटपावत जगतोय.”

मी केलं. नव्या कादंबरीत मिठागरांच्या मालकिणीनं एका लबाड दलालाचा काटा काढला आणि प्रेत मिठाच्या राशीत पुरलं. पावसाळ्याआधी राशी गवतानं शाकारतात, तेव्हा चार महिने कोण उकरून बघणार, ही अक्कल जाऊबाईंची. दलाल खारवला जाईल का, असं मी विचारलं, तर त्यांनी मोठी मासळी कशी साफ करून खारवतात तेच सविस्तर सांगितलं, आणि तेही मी भाताचा घास हातात धरलेला असताना. दलालाचा जीव घेण्यात त्यांना इतका आनंद होता की मला मधूनच त्यांची भीती वाटे.

दर महिन्याला अंक आला की मी वाचायची आणि शेवटी त्या एकच प्रश्न विचारायच्या.

“घावले का मी?”

नाही म्हटलं की समाधानानं मान हलवायच्या. “मंग म्होरल्या महिन्यापावत हाय मी.”

मग माझी काय बिशाद होती त्यांना पकडायची! मुंबईहून आलेला, बूट घालणारा माझा हुशार डिटेक्टिव्ह मी खाजणाच्या चिखलात रुतवला. त्याला हिवताप आणला. त्याची गाडी चुकवली, साक्षीदार कोकणात पाठवला, पुरावा बकरीला खायला घातला. प्रत्येक वेळी म्हातारी त्याला कोऱ्या चेहऱ्यानं पेज पाजायची. वाचकांना डिटेक्टिव्हपेक्षा तीच आवडू लागली आणि अंक हातोहात खपू लागले. माझं नाव झालं ते या लांबणीमुळे, माझ्या बुद्धीमुळे नव्हे.

पण लढाईचे दिवस, कागदाची टंचाई. संपादकांना दिवाळीपूर्वी पुस्तक काढायचं होतं. शेवट पाठवा, नाहीतर आम्ही दुसऱ्याकडून लिहून घेऊ, असं त्यांनी बजावलं. दुसरा कोणी जाऊबाईंना बेड्या घालणार, हे मला सहन होईना. मी रडत रडत त्यांना घोडबंदरच्या धक्क्यावर पकडून दिलं आणि कागद टपालात टाकले.

तो अंक आला तेव्हा जाऊबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. डोळे मिटलेले, तरी म्हणाल्या, वाच. मी वाचत धक्क्यापर्यंत आले. समोर छापलेलं होतं की म्हातारीनं हात पुढे केले. मला त्यांचं मरण नको होतं, छापलेलंसुद्धा नको होतं. मी सांगू लागले की भरती लागली, होडी सुटली, डिटेक्टिव्हचा एक बूट चिखलात राहिला, म्हातारी होडीत बसून तंबाखू मळतेय आणि मागे वळूनही बघत नाही.

“धाकटे, पान उलटल्याचा आवाज न्हाय आला.”

त्यांनी डोळे न उघडता हात चाचपडत पुढे केला, माझ्या मांडीवरचा अंक शोधला आणि स्वतः पान उलटलं.

“आता वाच म्होरं.”

मी पुढे वाचलं. होडी खाडीतून वसईच्या बाजूला गेली, वारा चांगला होता, कोणी पाठलाग केला नाही. त्या झोपल्याची खात्री होईपर्यंत मी होडी किनाऱ्याला लावली नाही.

दिवाळीआधीच त्या गेल्या. मी संपादकांना कळवलं की पुस्तकात होडी सुटेल, नाहीतर पुस्तक निघणार नाही. खुनी न सापडणारी रहस्यकथा कोण विकत घेईल, म्हणून ते माझ्यावर भडकले. मग तीच सगळ्यात जास्त खपली. अजून वाचक पत्रं लिहून भांडतात, ती बाई शेवटी सापडली की नाही ते एकदाचं सांगून टाका म्हणतात. मी प्रत्येकाला पोस्टकार्ड पाठवते, तपास चालू आहे.