गड उतरून आलेली आई

आमची तनू दत्तक. जन्मदात्रीला गरोदरपणात नशेच्या गोळ्यांची सवय होती, एवढंच आम्हाला कळलं होतं. बाळ घरी आलं ते थरथरतच. मोठी झाली तरी मिक्सर लावला की कानांवर हात, आणि आज आलेलं अक्षर उद्या पुसलेलं. आठवं वर्ष सरत आलं, तरी तिला स्वतःचं नावही वाचता येईना. ही कधी शिकेल का, या विचाराने माझा देवावरचा विश्वासच डळमळला. डॉक्टर म्हणाले, "ढ नाही ती. गोंगाटात गोंधळते. एका वेळी एकच गोष्ट, शांतपणे, पुन्हा पुन्हा." मी मान डोलावली आणि घरी येऊन 'दप्तर काढ, हात धू, पाढे म्हण' हे एका दमात सांगितलं. आमच्या चिखले गावात समुद्राच्या भरतीपेक्षा माझाच आवाज मोठा, असं आमचे हे म्हणतात ते उगाच नाही.

शेवटी डहाणूच्या महालक्ष्मीला साकडं घातलं आणि गड चढायला निघाले. पहिल्याच चढाला माझ्या गुडघ्यांनी हात टेकले. तिथेच बसून रडले. नारळ विकणारी एक आजी पाणी देत म्हणाली, "रडते कशाला गो? पोटात पोर घेऊन गरवार बाईला चढवेना, म्हणून तर आई गडावरून खाली पायथ्याशी उतरली. ज्याला चढता येत नाय, त्याच्याकडे ती येते."

ही कथा मला लहानपणापासून पाठ. ऐकली मात्र त्या दिवशी. तनूच्या जन्मदात्रीची आठवण आली. तिलाही चढवलं नसेल. आणि मी? मी वर उभी राहून पोरीला हाका मारत होते.

मग मी उतरले. रोज ओहोटीला ओल्या वाळूत एकच अक्षर. तनूने बोट फिरवायचं, लाटेने पुसायचं, आम्ही पुन्हा काढायचं. पुसलं जाणं तिथे खेळच होता. मी तोंड मिटून. "तू गप्प? देवी इथेच पावली!" हे म्हणाले.

परवा डहाणू स्टँडवर चष्मा विसरलेली मी तिला ओढत एसटीत चढले. तनू दाराजवळची पाटी बघत पायरीवरच थबकली. "आई, ही नाय! ही त... तळासरी." मग शेजारच्या, आमच्या चिखल्यावरून जाणाऱ्या गाडीच्या पाटीकडे बोट. "झा... ई. झाई! आपली ही!"

"काकी, पोरगी बरोबर सांगतेय," कंडक्टर हसला. "उतरा!"

इतक्या आनंदाने मी आजवर कुठून उतरले नव्हते.

मंगळवारी गडाच्या पायथ्याच्या देवळातच नारळ वाढवला, हात जोडले. मागायला काही सुचेना. पाढे ती अजून विसरते. विसरू दे. वाळू पुष्कळ आहे.