गालाला हात न लावता

लातूरच्या स्टँडवर गाडी सुटायच्या आधी मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो होतो. मायनं खालून टाचा उंच करून माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवले, ते हात स्वतःच्या कानशिलांवर नेले आणि बोटं मोडली. दहाच्या दहा वाजली. शेजारची बाई म्हणाली, "बया, लईच नजर व्हती की पोरावर!" आणि मी खिडकीतून तिला असा नमस्कार ठोकला, जणू माझ्या गळ्यात हार पडला होता. माय हसली नाही. एवढंच म्हणाली, "गेल्यावर आवाज देत जा."

मुरुड येईपर्यंत मी पुढच्या चार बाकांना आमच्या सरपंचांची नक्कल करून दाखवली होती. बार्शीला कंडक्टरनं मला स्वतःच्या पैशानं चहा पाजला. टेंभुर्णीनंतर सगळे पेंगायला लागले, तेव्हा मात्र खिडकीकडे तोंड करून मी रडलो. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आज लिहितोय.

लिहितोय, कारण बोलता येत नाही. आपल्या गल्लीत माझ्याबद्दल काय चाललंय ते माझ्यापर्यंत पोचलं आहे. दत्ता आईवर रुसला, सहा महिने तिच्याशी बोलला नाही, शेवटी म्हातारीला घर बंद करून त्याच्या दारात जावं लागलं. तर गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या गाडी धरून निघालेल्यांनो, एकदा माझंही ऐका. गोष्ट रंगवायची माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. या खेपेला रंगवण्यासारखं काही नाही. तरी थोडं रंगेल, त्याला माझा इलाज नाही.

चाकणला कंपनीत लागलो, चिंचवडला खोली घेतली आणि दर रविवारी आवाज दिला. आधी एसटीडी बूथवरून गल्लीतल्या किराणा दुकानात. दुकानदार मायला हाक मारायचा, माय यायची आणि तिच्या मागून अर्धी गल्ली. मग मी इकडून खेळ सुरू करायचो: निगडीच्या बसला लोंबकळणारा जाडा माणूस, मद्रासी साहेबाचं मराठी, घरमालकिणीची चोरटी मांजर. पुढे घरोघरी मोबाईल आले आणि मायचे कान गेले. मी ओरडून बोलू लागलो. आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी लोक म्हणायचे, "दत्ताभाऊंची आई फोनवर आली, टीव्हीचा आवाज वाढवा."

गेल्या दिवाळीआधी एका सकाळी दात घासताना उजव्या गालात कोणीतरी वेल्डिंगचा टाका मारला. चार सेकंद. आरशात पाहिलं तर चेहरा जसाच्या तसा. चार दिवसांनी चहाचा घोट घेताना पुन्हा. मग घास चावताना, मग बोलताना, मग नुसता पंख्याचा वारा लागला तरी. दाताच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, दाढा ठणठणीत आहेत, काढणार नाही. मी दुसऱ्या दवाखान्यात जाऊन खोटं बोललो, दाढ हलते म्हणालो आणि दोन चांगल्या दाढा उपटून घेतल्या. टाके पडतच राहिले.

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, दात नव्हे, चेहऱ्याची नस दुखतेय. गोळ्या दिल्या. पुढेमागे कानामागून ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. गोळ्यांनी दुखणं निम्मं व्हायचं आणि मी पाव उरायचो. आता, डोकं गरगरणाऱ्या माणसाला पत्रे दाबणाऱ्या प्रेससमोर उभं करत नाहीत. कंपनीला सांगावं तर काम जाणार, न सांगावं तर हात जाणार. मी गोळ्या कमी केल्या आणि तोंड बंद केलं.

त्या दिवाळीत गावी आलो होतो तेव्हा दुखणं अजून लपवता येत होतं. मायला मी पुन्हा म्हणालो, चल चिंचवडला. ती चार लोकांत म्हणाली, "तुज्या त्या डबीत मी येनार न्हाई." मीही चिडून म्हणालो, "मग बस इथंच." एवढंच झालं. असलं भांडण आमच्यात दर दिवाळीला व्हायचं, फराळाचाच भाग होता तो. पण त्यानंतर माझा रविवारचा आवाज बंद झाला.

सुनंदा, म्हणजे माझी बायको, फोनवर ओरडून सांगायची, "आत्याबाई, ते आजारी आहेत, बोलता येत नाही!" माय म्हणायची, "आजारी मानूस कन्हतो तरी. ह्यो तर गप हाय." मी शेजारी बसलेलो असायचो. कण्हायलाही तोंड हलवावं लागतं हे तिला कोण सांगणार? एका रविवारी ती म्हणाली, "त्येला म्हनाव, चुकलं माझं. मी येते तिकडं. पर बोल म्हनाव." सुनंदानं फोन माझ्या कानाला लावला होता. मी तोंड उघडलं. टाका पडला. फोन खाली पडला. पलीकडे मायनं काय समजायचं ते समजून घेतलं.

त्या दिवसांत सुनंदा ताकात भाकरी कुस्करून, मिक्सरमधून काढून मला नळीनं पाजायची. आणि मला चौथ्या मजल्याच्या गॅलरीत एकट्याला उभं राहू देत नव्हती. याहून जास्त लिहीत नाही.

आता गंमत ऐका. माझं तोंड बंद पडलं आणि कंपनीत दोन महिने कोणालाही पत्ता लागला नाही! प्रेस शॉपमध्ये पत्र्याला मोटारीच्या दरवाजाचा आकार देणारी दुमजली यंत्रं दणादण आदळत असतात, कानात बोळे असतात. तिथे आम्ही सगळे हातांनीच बोलतो. अंगठा ओठाशी नेला की चहा, खांद्यावर दोन बोटं म्हणजे सुपरवायझर, पोटावर थाप म्हणजे जेवण, मूठ कानाशी धरली की घरून फोन. मी त्या भाषेतला नट होतो. तिथे मी तसाच गाजत होतो, लोक पोट धरून हसत होते. आवाज फक्त माझ्या माणसांसाठी बंद होता.

ओळखलं ते बाळासाहेबानं. हा चाकणच्या पलीकडचा शेतकरी. अर्धी जमीन कंपनीत गेली, मग तोही तिच्या मागोमाग कंपनीत आला. त्यानं मला कॅन्टीनच्या मागे गाठलं.

"आरं, तू डबा उघडत न्हाईस. बोलत बी न्हाईस. काय झालंय, राव?"

मी गालाकडे बोट केलं आणि सुई टोचल्याची खूण केली.

"सुया? मंग सुयाच घे की! माझ्या मेव्हणीची मान त्यानंच वळाया लागली. निगडीला हाय एक बाई."

मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो म्हणाला, "आता माझ्याकडं असं बघू नको. तुला मरायचं न्हाई ना? मंग चल."

निगडीला प्राधिकरणात, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर पहिला मजला. खाली सुया, वर सुया. भिंतीवर एका टकल्या माणसाचं चित्र, अंगभर रेघा आणि ठिपके; निगडीहून सुटणाऱ्या सगळ्या बसचे मार्ग जणू त्याच्या अंगावरून गेले होते. डॉक्टरीणबाई सांगलीकडच्या, चिनी पद्धत शिकलेल्या. त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली आणि म्हणाल्या, "जीभ दाखवा." माझी जीभ! जिच्यावर अर्ध्या तालुक्यानं शिव्या आणि शाबासक्या उधळल्या, ती मी तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर काढली.

बाई म्हणाल्या, "बरं करते असं सांगणार नाही. गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि मोठ्या डॉक्टरांकडे जायचं थांबायचं नाही. थोडी सवड मिळाली तर मिळेल."

पहिली सुई डाव्या हातात, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसात. मी खुणेनं विचारलं, दुखतंय उजव्या गालात आणि सुई इकडे?

"गालाला हात लावू देणार आहात का?"

मी मान हलवली. नाही.

"मग?"

पटलं. दुसरी उजव्या हातात, दोन पायांवर. मग त्यांनी एका वाळक्या पाल्याची कांडी पेटवून शेकायला मनगटाजवळ धरली. तिचा वास जळक्या दवण्यासारखा होता आणि मला एकदम गावच्या देवळात उभं असल्यासारखं वाटलं. आमच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आत राहत नाहीत. तसा मी दोन्ही हात अडकवून पडलो होतो आणि वाट पाहत होतो, आता काहीतरी वरून आदळणार.

पहिल्या दोन खेपांना ते आदळलंच. तिसऱ्या खेपेला सुया काढल्या आणि मी जिन्यात येऊन उभा राहिलो, तर गालात शांतता. वारा होता, तरी शांतता. खिशातून मोबाईल काढला आणि मायला लावला.

"माय, मी दत्ता!"

"कोन?"

"दत्ता! माय, मी दत्ता!"

दोन दाढा नसलेलं, अर्धंच उघडणारं ते तोंड. माय म्हणाली, "दत्ता न्हाई बोलत आता. तुमी कोन बोलायलाव?" आणि फोन ठेवला.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. खाली कोणीतरी मशीन चालवून पाहत होतं. बाईंच्या हिशेबानं हातात अजून तासभर होता आणि तो कोणाला द्यावा ते कळेना.

त्यानंतर पंधरा दिवसांत मायनं शेळी शेजारी देऊन टाकली, पीठमीठ वाटलं आणि निरोप पाठवला: रविवारी निघते. मी ठरवलं, त्या दिवशी तरी आवाज द्यायचाच. रविवारी सकाळी सुया घेतल्या. वीस मिनिटं मुडद्यासारखा पडून स्वागताचं भाषण पाठ केलं. त्यात दोन विनोद होते. सुनंदाला घेऊन वल्लभनगरच्या स्टँडवर पोचलो, आणि गाडी दोन तास उशिरा!

ते दोन तास मी खांबाच्या आडोशाला, तोंडाला मफलर बांधून, एक शब्द न वापरता उभा राहिलो. बर्फ वितळताना पाहावा तसा मी माझा आवाज जाताना पाहत होतो. भाषणातला पहिला विनोद गेला, मग दुसरा. मग भाषणच गेलं. एक वाक्य तेवढं धरून ठेवलं.

गाडी आली. आधी कंडक्टर उतरला. मला खालीवर पाहून म्हणाला, "तुम्हीच का ते रुसलेले?" मायनं लातूरपासून गाडीभर सांगितलं होतं. बोलण्याची खोड माझ्याकडे कुठून आली ते आता तुम्हाला कळलंच असेल. कंडक्टरच्या मागून एक दांडगी बाई उतरली. "आईशी अबोला धरतो म्हणं! केस पांढरे झाले, लाज वाटत नाही?" खिडक्यांतून माणसं पाहत होती. आयुष्यात एवढे प्रेक्षक एकदम मिळाले आणि माझ्याकडे एकच वाक्य.

माय उतरली. मी मफलर काढला आणि म्हणालो, "माय, मी रुसलो नव्हतो."

"आं?"

मागून दुसरी गाडी हॉर्न देत होती. मी पुन्हा म्हणालो. तिला काही ऐकू गेलं नाही. तिनं माझ्या हलत्या ओठांकडे पाहिलं, बोचकं खाली ठेवलं, टाचा उंच केल्या आणि तिचे दोन्ही हात माझ्या गालांकडे निघाले.

सुनंदा ओरडली, "आत्याबाई, हात नका लावू!" पण मायला कुठलं ऐकू येणार?

एक पाऊल मागे सरलो असतो तर वाचलो असतो. पण गाडीभर माणसांसमोर, दहा तास बसून आलेल्या आईच्या हातांपासून मागे सरायचं? मग ती मनात जे धरून आली होती ते कायमचं खरं झालं असतं. मी जागेवर उभा राहिलो.

हात टेकले. मी किंचाळलो. पुढचं मला सुनंदानं सांगितलं, की मी गुडघ्यांवर बसलो होतो आणि स्टँडवरचं कुत्रं पळालं होतं. मला आठवतो तो मायचा चेहरा. ते मात्र तिला ऐकू गेलं होतं. ती स्वतःच्या तळहातांकडे पाहत होती, त्यांना काहीतरी लागलंय असं.

"लेकरू कन्हतंय," ती म्हणाली. मग मोठ्यानं, सगळ्या स्टँडला: "खरंच आजारी हाय की वो माझं लेकरू!"

दांडग्या बाईनं मायचं बोचकं उचलून रिक्षात नेऊन ठेवलं.

तर असं आहे. मी बरा झालेलो नाही. सुयांनी सवड मिळते, कधी तास, कधी काहीच नाही. ऑपरेशनची तारीख मी दोनदा पुढे ढकलली, भीतीनं. आणि मायनं घर बंद केलं ते माझ्यामुळेच, हे गल्लीचं म्हणणं अर्धं खरं आहे. मी रुसलो नाही, पण दुखणं लपवायला आधी मीच गप्प बसलो होतो. बोलायचं तेव्हा बोललो नाही, आणि मग बोलताच आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मायला अंगठ्याजवळची जागा दाखवली आहे. संध्याकाळी ती माझा हात मांडीवर घेऊन तिथे दाबत बसते. तिला ऐकू येत नाही, मला बोलवत नाही. मी तिला प्रेस शॉपच्या खुणा शिकवल्या. चहा, जेवण लगेच आलं. सुपरवायझरची खूण ती सुनंदासाठी वापरते. गाव म्हणायचं असेल तर ती मूठ कानाशी धरते. इतकी वर्षं आम्ही दोघं एकमेकांना फोनवरच तर भेटत होतो. आता घर म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मीही तीच मूठ कानाशी धरीन, आणि मग ती उघडून मायच्या मांडीवर ठेवीन.

सकाळी पहिल्या शिफ्टला निघताना ती दारात येते. हात वर उचलते, माझ्या गालांपासून चार बोटं अलीकडे थांबवते, तेवढ्या हवेवरून खाली फिरवते आणि कानशिलांवर नेऊन बोटं मोडते. वाजली की नाही ते तिला कळत नाही, म्हणून माझ्याकडे पाहते. म्हातारी बोटं ती, कधी चार वाजतात, कधी दोन.

मी दोन्ही पंजे उघडून दाखवतो. दहा.