रिकाम्या लहरींचा राखणदार

नागपुरात संशयी माणसांची वाण नाही. पण इतक्या निर्मळ मनाने संशय घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा साडू आहे. त्याला कोणाचा राग नाही, कोणाविषयी वाईट मत नाही. समोरचा माणूस स्वतःला म्हणवतो तोच आहे, एवढे फक्त सिद्ध व्हावे. उमरेडच्या एसटीत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. हा तो रुमाल मुठीत लपवून उभा राहायचा आणि धनी येऊन रंग सांगेपर्यंत तिथे ना स्वतः बसायचा, ना कोणाला बसू द्यायचा. "रुमाल तर कोणीबी टाकते," तो म्हणे. "टाकणारा कोण, हे कोण पाहून राहिलं?" बायकोचीही सुटका नव्हती. माझ्या मेहुणीने बाजारातून फोन केला की आधी परीक्षा.

"मी बोलून राहिली."

"ते कोणीबी म्हणन. सकाळी भाजी कोणती केली होती?"

"वांग्याची. अन् संध्याकाळी कोणतीच नाही भेटत तुमाले."

एवढे झाले की तो समाधानाने म्हणे, "हं, आता बोल."

हे वेड कामी यावे म्हणून मीच त्याला आमच्या प्रकल्पात आणले. टीव्हीसाठी राखलेल्या लहरींपैकी कित्येक गावाकडे रिकाम्या पडून असतात. त्यांवरून नरखेडकडच्या गावांना इंटरनेट द्यायचे होते. खांबावरचे यंत्र आधी मध्यवर्ती संगणकाला आपली जागा कळवते आणि तिथली कोणती लहर रिकामी ते विचारते. उत्तर येईल तीच लहर वापरायची. यंत्राने जागा खोटी सांगितली, तर ते कोणाच्या तरी चालू टीव्हीत घुसणार. तसे होऊ नये म्हणून साडूने संगणकी कुलूप रचले: यंत्र जागचे हलले की बंद, आणि तो स्वतः पाहून आल्याशिवाय पुन्हा चालू होणे नाही. संत्र्याच्या बागांतून मोटारसायकलवर जाऊन तो प्रत्येक खांबाला हात लावून यायचा. गावकऱ्यांना वाटे, नवस बोलतोय. कुलूप उघडण्याचा शब्द त्याच्याशिवाय फक्त मला ठाऊक होता. बायकोलाही त्याने तो सांगितला नव्हता.

बड्या पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक ठरले आणि आदल्या दिवशी जागा बदलली. नरखेडचे यंत्र उमरेडजवळच्या एका गावात नेले, तसे कुलूप लागले. साडू म्हणाला, "भाऊ, मी जाऊन खांब पाहतो, मंग परवा चालू करू." परवा पाहुणे नव्हते. मी गुपचूप माझा शब्द टाकून कुलूप उघडले आणि यंत्रात नोंदलेली जागा नरखेडच राहू दिली. संगणकाने नरखेडला रिकामी असलेली लहर दिली. उमरेडकडे ती रिकामी नव्हती. भाषण ऐन रंगात असताना आजूबाजूच्या घरांतल्या टीव्हींवर मुंग्या आल्या आणि लोक मंडपात येऊन विचारू लागले, "आमचा टीव्ही काहून बंद केला गा?"

चौकशीत मला विचारले गेले, खोटी जागा गेलीच कशी? मी म्हणालो, "कुलपात कुठेतरी भोक असावे." साडू शेजारीच बसला होता. बायकोलाही पुरावा मागणाऱ्या त्या माणसाने माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "भाऊ म्हणतात, तर असन."

त्याला काढले. प्रकल्पही पुढे गुंडाळला. मी मात्र शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालो. प्रताप नगरच्या आपल्या घरात साडू रोज दुपारी कागद आणि संगणक घेऊन कुलपातले भोक शोधत बसू लागला. दिवाळीला भेटला की सांगायचा, "अजून सापडलं नाही भाऊ, पण आहे." नातेवाईक हसायचे. मीही त्याच्या घरचा चिवडा खात त्यांच्यात हसायचो. इतकी वर्षे माझ्या तोंडून खरे निघाले नाही, ही काही भीती नव्हती. मला ते सोयीचे होते.

गेल्या आठवड्यात गेलो आणि सगळे सांगितले. मेहुणी ऐकत होती. तिने माझ्यासमोरचा चहाचा कप उचलला आणि आत घेऊन गेली. साडूने चष्मा काढून पुसला.

"म्हणजे कुलूप बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"भोक नव्हतंच?"

"नव्हतं."

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखे झाले. रागाची मी वाट पाहत होतो, तो आला नाही. त्याने टेबलावरचे कागद एकावर एक नीट रचले, संगणक बंद केला आणि खरोखरच मला ठाऊक असेल अशा विश्वासाने विचारले, "मंग भाऊ, आता दुपारी मी काय करत जाऊ?"